ग्लॉसी स्क्रीन मी परत का केली नाही

आमच्या ऑफिसने सगळ्यांचे जुने लॅपटॉप बदलायचं ठरवलं आणि एक फॉर्म पाठवला. निवडायची गोष्ट एकच होती: स्क्रीन मॅट, म्हणजे न चमकणारी हवी, की काचेसारखी चकचकीत, ग्लॉसी. मी सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हे माझं काम, त्यामुळे आपल्या हातून चूक होईल असं माझ्या मनातही येत नाही. मनात आणून देणारी माणसं घरात भरपूर आहेत, ती गोष्ट वेगळी.

आयटीवाल्यांच्या खोलीत दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले होते. दोन्हींवर एकाच पोपटाचं चित्र. ग्लॉसीवरचा पोपट आता बोलेल असा वाटत होता, मॅटवरचा नुकताच राखेत लोळून आल्यासारखा. त्या खोलीला एकही खिडकी नाही, हे काही तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी उभ्या उभ्या ग्लॉसीवर खूण केली आणि मोकळी झाले.

माझा नवरा पुण्याचा, आणि त्यातून प्रोजेक्ट मॅनेजर. तो साधा राइस कुकरसुद्धा एक्सेल शीट केल्याशिवाय घेत नाही. स्क्रीनचीही त्याने शीट केली होती, डोळ्यांवरचा ताण, रंग, बोटांचे डाग असे रकाने पाडून, आणि मॅटला दणदणीत बहुमताने निवडून आणलं होतं. ती शीट मी उघडलीच नव्हती. त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बघितली, छान होती."

पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे आणि डाव्या हाताला बाल्कनी. पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडला आणि मला पोपट सोडून सगळं दिसलं. वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, छताचा पंखा दिसला, मागचा सोफा दिसला, आणि या सगळ्याच्या मधोमध माझं स्वतःचं नाक. आठ तास आपलंच तोंड बघत बसण्याची शिक्षा कुठल्या कायद्यात नसेल.

"मी सांगितलं होतं," नवरा म्हणाला. हे वाक्य तो इतक्या हळू आवाजात म्हणतो की भांडायलाही जागा उरत नाही.

सिंगापुरी इंग्रजी बोलणारी आमची आठ वर्षांची लेक तेवढी माझ्या बाजूची. "ग्लॉसी बेटर लाह, आई. कार्टून सो नाइस!" पण तिचं मत कार्टूनपुरतं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

मॅट पक्षाचे खरे पुढारी होते अप्पा, माझे वडील. अप्पांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी कोकणातल्या घाटांत. चकाकीशी त्यांचं जुनं वैर. "समोरच्या काचेवर ऊन आलं की ड्रायव्हर आंधळा," ते सोफ्यावरून म्हणाले. "पैसे देऊन कोणी ऊन विकत घेतं का?" महिन्याच्या आत लॅपटॉप बदलून मिळणार होता. मी निमूटपणे आयटीला मेल केला आणि त्यांनी पुढच्या शुक्रवारी घेऊन या म्हणून कळवलं.

अप्पा त्या वेळी आमच्याकडे अडीच महिन्यांसाठी आले होते, आणि ते का आले होते हे सांगायला हवं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. ते उत्तम झालं, डॉक्टर खूश होते. पण त्यानंतर एकदा अंगणात त्यांचा तोल गेला. लागलं काहीच नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी वॉकर धरला तो सोडलाच नाही. कऱ्हाडच्या घराला सात पायऱ्या आहेत आणि आई गेल्यापासून अप्पा तिथे एकटेच राहतात. माझ्या भावाने स्पष्ट सांगितलं, "सिंगापूरहून आल्यावर पायऱ्या चढता आल्या तर तुमच्या घरी राहा. नाही तर पुण्याला माझ्याकडे, लिफ्ट आहे." भावाचं काही चुकत नव्हतं. पण अप्पा मला म्हणाले, "म्हणजे आता त्याच्या गॅलरीत कुंडीसारखं बसायचं."

मला ते सहन होईना. घाटातल्या वळणावर एका हाताने स्टिअरिंग फिरवणारा माझा बाप कुंडी होणार, या विचारानेच माझं डोकं तापायचं. आणि माझं डोकं तापलं की मी शिस्त लावायला घेते. फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेला व्यायामाचा कागद मी फ्रिजवर चिकटवला. सकाळी विचारायची, दुपारी विचारायची. अप्पा म्हणायचे, "केला." मी म्हणायची, "माझ्यासमोर करा." मग ते उठायचे, वॉकरशिवाय एक पाऊल टाकायचे, माझ्याकडे बघायचे आणि पाय थरथरायला लागायचे. "तू बघू नकोस गं," ते चिडून म्हणायचे. "बघितलं की होत नाही." सकाळची बुद्धवंदनासुद्धा खुर्चीत बसून म्हणावी लागते म्हणून ते आधीच खट्टू असायचे, त्यात माझा पहारा. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी झालं होतं.

त्यांच्यासाठी मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम मागून घेतलं होतं. नवरा पहाटे तुआसला कामावर जायचा, लेक शाळा आणि नंतर पाळणाघरासारखं स्टुडंट केअर करून संध्याकाळी यायची. दुपारी घरात आम्ही दोघंच. शुक्रवार दोन दिवसांवर आला होता तेव्हाची गोष्ट. मी मीटिंगमध्ये होते. बोलणाऱ्या माणसाची स्लाइड मध्येच अडकली आणि माझी स्क्रीन पूर्ण काळी झाली. त्या काळ्या काचेत मला सोफा दिसला. सोफ्यावर अप्पा नव्हते.

ते जेवणाच्या टेबलापाशी उभे होते. वॉकर सोफ्याजवळच राहिला होता. त्यांनी एका खुर्चीची पाठ धरली, सोडली, आणि दुसऱ्या खुर्चीकडे एक पाऊल टाकलं. मी ओरडणारच होते. पण ओठ घट्ट मिटले, कारण एक तर मीटिंग चालू होती आणि दुसरं म्हणजे मी वळले की ते थांबणार हे मला पक्कं माहीत होतं. दुसरी खुर्ची आली. त्यांनी ती धरली, श्वास घेतला, तिसरीकडे बघितलं आणि मग विचार बदलून परत सोफ्यावर जाऊन बसले.

"व्यायाम केलात?" मी संध्याकाळी विचारलं.

"केला," अप्पा म्हणाले, नेहमीसारखेच. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे काही विचारलं नाही.

शुक्रवारी मी लॅपटॉप परत नेला नाही. आयटीला कळवलं की ग्लॉसीच ठेवते. घरात याचे पडसाद उमटले. नवऱ्याने शीट पुन्हा उघडली, हिशोबात चूक तर नाही ना बघायला. मी म्हटलं, रंग आवडतात. तो म्हणाला, "तू दिवसभर काळ्यावर पांढरी अक्षरं बघतेस, त्यात कुठले रंग?" मी म्हटलं, "काळा." अप्पांनी मान हलवली. "हिला लहानपणापासून हेच. चूक झाली की ती जपून ठेवायची."

खरं कारण सांगायची सोय नव्हती. अप्पांच्या तोंडून रोज मॅटची महती ऐकत मी ग्लॉसीसाठी लढत होते, आणि त्यांच्यासाठीच लढत होते. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

मग मी कामाला लागले. टेबल वीतभर सरकवलं, म्हणजे स्वयंपाकघराचं दारही काचेत येईल. स्क्रीन जरा मागे कलवली. दुपारी जेवून झालं की अप्पा म्हणायचे, "तू कर तुझं काम, मी पडतो जरा." मी म्हणायची, "हो, खूप आहे आज." आणि कानाला हेडफोन लावून, लॅपटॉप बंद करून, त्याच्या मेलेल्या कीबोर्डवर टकटक टाइप करत बसायची. कामं सकाळी लवकर उठून उरकायची, पण दुपारची ती वीस मिनिटं मी कुणाला देत नव्हते. टेस्टिंगमध्ये इतक्या एकाग्रतेने मी कधी काही बघितलं नसेल.

पहिल्या आठवड्यात ते तिसऱ्या खुर्चीपर्यंत गेले. मग बुटांच्या कपाटापर्यंत. मग एक दिवस कपाटापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, मध्ये धरायला काहीही नसताना. त्या दिवशी माझ्या बोटांनी कीबोर्डवर जे काही टाइप केलं ते वाचता आलं असतं तर सगळं "चला, चला, चला" असंच निघालं असतं. दारापाशी पोचल्यावर अप्पांनी चौकटीवर थाप मारली, डेपोत गाडी लावल्यावर बॉनेटवर मारायचे तशी.

एकदा मात्र त्यांचा डावा पाय वळला. ते वाकले, हात हवेत गेला. मी खुर्चीतून अर्धी उठले. काचेत ते कपाट धरून उभे राहिलेले दिसले आणि मी तशीच, अर्धवट उठलेली, पाणी प्यायचं निमित्त करून बाटली उचलली. बाटली रिकामी होती. तरी मी प्यायले. रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "ऑफिसात काही लफडं झालंय का? दुपारी घाबरलेली वाटत होतीस." मी म्हटलं, "एक बग सापडत नाहीये." नवऱ्याने लगेच कुठला बग म्हणून विचारलं. अप्पांनी मला त्याला आणखी भात वाढायला सांगितलं आणि विषय तिथेच संपला.

त्यांचे अडीच महिने संपायला तीन आठवडे उरले असतील. दुपार होती, मी माझं टकटक सुरू केलं. अप्पा सोफ्यावरून उठले. खुर्च्यांकडे न जाता ते सरळ माझ्या दिशेने वळले. मोकळा हॉल, मध्ये काहीही नाही. एक पाऊल, दुसरं, तिसरं. काळ्या काचेत ते मोठे मोठे होत गेले. मला त्यांच्या सदऱ्याची बटणं दिसायला लागली. माझं टाइपिंग काही केल्या थांबेना. शेवटी त्यांची हनुवटी माझ्या खांद्याच्या वर आली, आणि हात खांद्यावर पडला. आधारासाठी नव्हता तो हात, नुसता ठेवला होता.

"बंद लॅपटॉपवर किती टाइप करशील गं?"

मी हेडफोन काढले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. अगं, मी तुला दिसतोय म्हणजे तू मला दिसणारच की. लांबचं मला अजून स्वच्छ दिसतं." ते काचेतल्या माझ्याकडे बघत बोलत होते. "घाट लागला की सगळे प्रवासी आरशात ड्रायव्हरचं तोंड बघतात. ब्रेकचं त्यांना काय कळणार? तोंड कळतं. म्हणून मी तोंडावरची रेघ कधी हलू दिली नाही. आणि तू? मी खुर्ची सोडली की तुझे डोळे एवढे मोठे. मला वाटायचं, माझ्याआधी हीच पडते आता."

"मग तेव्हाच बसायचं ना! मला वाटलं, बघितलं की तुम्हाला जमत नाही."

"समोर उभी राहून मास्तरणीसारखी बघायचीस, ते नाही जमत." मग जरा थांबून म्हणाले, "आणि बसू कसा? माझी लेक जीव मुठीत धरून गाडीत बसलीय. तिला अर्ध्या घाटात सोडू? मुक्कामाला पोचवायला नको?"

मी इतके दिवस समजत होते की मी त्यांची राखण करतेय. मी रडायला लागले. मागे वळले नाही, म्हटलं निदान हे तरी दिसू नये. मग समोर काच आहे हे आठवलं आणि मला रडता रडता हसू फुटलं. अप्पाही हसले. किती दिवसांनी असे पोटातून हसले.

"चल, जिना बघू," ते म्हणाले.

आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारी जिना आहे, तिथे सहसा कुणी फिरकत नाही. अप्पांनी कठडा धरला आणि पायऱ्या मोजत चढले. मी त्यांच्या मागे दोन पायऱ्या, हात पुढे करून. सातव्या पायरीवर ते उभे राहिले. मी म्हटलं, "अजून जमेल की, वर जाऊ या."

"आठवी कशाला? घरात सातच आहेत." आणि तिथूनच, कठड्याला टेकून म्हणाले, "आता माझं तिकीट काढ. कऱ्हाडला जाईन म्हणून भावाला सांग."

यासाठीच तर सगळं चाललं होतं. मी त्यांना चालताना बघत होते, ते त्यांनी घरी जावं म्हणूनच. तरी तिकीट काढणं दुसऱ्या दिवसावर ढकलावं असं वाटलं, पण अप्पा स्वतःच चालत टेबलापाशी येऊन उभे राहिले.

लॅपटॉप चालू केला तसा पोपट उजळला, आणि काचेतले आम्ही दोघंही दिसेनासे झालो. मी तारीख घातली, नाव घातलं. पुढच्या पानावर विचारलं होतं, प्रवाशाला व्हीलचेअरची मदत लागेल का? माझं बोट जरा अडखळलं.

"नाही म्हण," अप्पा म्हणाले. "आणि खिडकी नको, वाटेच्या कडेची सीट घे. मध्ये मध्ये उठून जरा चालून येत जाईन."