बेअरिंग घट्ट होते

माने गेल्याचे त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, जरा पाठ टेकली, आणि..." या गोष्टीला आता काही आठवडे झाले. केशव माने हे नाव वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ते फिटर होते; बोईसर परिसरात पंप आणि मोटारी दुरुस्त करून त्यांनी संसार केला. त्यांच्याविषयी मला एकच प्रसंग सांगायचा आहे. तो पूर्णपणे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे, आणि त्याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तारापूरच्या बाजूला बांधकामे जोरात होती. मिरजेकडून आलेले माने तिथे एका ठेकेदाराच्या नोकरीत होते. माझे पालघरला लेथचे लहानसे वर्कशॉप होते, त्यातून ओळख झाली. ठेकेदाराच्या अतिथिगृहापुढे हिरवळ होती, आणि ती कापायला कुठूनसे आलेले, बसून चालवायचे एक जुने परदेशी यंत्र. यंत्राच्या पोटाखाली उपड्या परातीसारखे लोखंडी झाकण, आणि झाकणाखाली तीन उभ्या स्पिंडलांवर, म्हणजे दांड्यांवर, फिरणारी तीन पाती. मधला स्पिंडल झिजला होता. त्यावर बेअरिंग घट्ट बसायला हवे. ते बोटाने फिरत होते. अशा वेळी झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर चढवावा आणि लेथवर तो मापात आणावा, हा खरा उपाय. त्यासाठी काम माझ्याकडे पालघरला यायला हवे होते. पण त्याच दुपारी कोणी बडे पाहुणे यायचे होते. सुपरवायझर म्हणाला, "माने, मला हिरवळ पाहिजे, प्रवचन नको." मान्यांनी मग पुष्कळजण करतात तेच केले. झिजलेल्या जागेवर पंच या टोकदार हत्याराने सभोवार ठिपके मारले. ठिपक्यांच्या कडेचा धातू उचलला जातो आणि ढिले बेअरिंग त्याला धरून बसते. आजच्यापुरते चालेल, उद्या नीट करू, असे त्यांनी ठरवले होते.

तो उद्या आलाच नाही. अतिथिगृहासाठी नवे यंत्र आले आणि जुने विकले गेले; 'नुकतेच दुरुस्त केलेले' म्हणून लगेच खपले. ते सालवडच्या पलीकडे एका चिकूच्या वाडीत गेल्याचे कळले, तेव्हा माने तडक माझ्याकडे आले. हिरवळीवर यंत्राजवळ कोणी नसे. वाडीत मात्र कापलेले गवत झाडांच्या आळ्यांत घालायला बाया यंत्राच्या मागोमाग चालणार. चालत्या यंत्रात स्पिंडल सुटला, तर ते पाते कोणाच्या पायात जाईल ते सांगता येत नाही. "चला राऊत," ते एवढेच म्हणाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्र चालू होते आणि पाच-सहा बाया त्याच्या मागे वाकून गवत गोळा करत होत्या. माने सरळ यंत्रापुढे जाऊन उभे राहिले. चालवणाऱ्याला थांबावे लागले. एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, तुमी काय गवताचा सुतक पालताव? आमचा काम कशाला अडवताव?" बाकीच्या हसल्या. वाडीचे मालक आले.

"तुम्ही कोण?"

"हे यंत्र मी दुरुस्त केलंय."

"मग उत्तमच झालं की! झकास चालतंय."

"नीट केलेलं नाही. बंद ठेवा. मी करून देतो."

मालक माझ्याकडे वळले. "काय माणूस आहे हो! करणारा म्हणतो बिघडवलं, यंत्र म्हणतं चाललंय. मी ऐकू तरी कोणाचं?" आणि त्यांनी चालवणाऱ्याला खूण केली.

माने बाजूला झाले, पण गेले नाहीत. दुपारी माणसे भाकरी खायला विहिरीकडे गेली. तेव्हा त्यांनी यंत्र कलते केले, त्याला खालून ओंडका लावला आणि मधला स्पिंडल पात्यासकट सोडवून घेतला. पाना मीच धरला होता.

आता मुद्द्याचे सांगतो. वर्कशॉपमध्ये मी ते बेअरिंग हाताने काढायला गेलो. ते हलले नाही. बेअरिंग ओढून काढायचा पुलर लावावा लागला, आणि पुलरलाही ते सहजी आले नाही. मान्यांची ती तात्पुरती ठोकाठोक पक्की बसली होती. मी तसे सांगितले. त्यांचा चेहरा उजळेल असे मला वाटले होते. तो उतरला.

"आज घट्ट हाय," ते म्हणाले. "किती दिवस राहिलं असतं?"

"ते सांगता येणार नाही."

मी भर चढवला, मापात आणला, नवे बेअरिंग बसवले. माने तो स्पिंडल स्वतः वाडीत नेऊन बसवून आले. मालकांनी तो बसवून घेतला, पण तोपर्यंत भाग चोरल्याची तक्रार ठेकेदाराकडे पोहोचली होती. मान्यांची नोकरी गेली. खरे काय ते साहेबांना सांगा, असे मी त्यांना बजावले. मी साक्षीला येतो म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिथं बांधकामावर माझ्या हातचे शेकडो जोड हायत, राऊत. एक काम कच्चं केलं म्हटलं, तर उद्या त्या सगळ्यांवर बोट ठेवतील. चोर म्हणू द्या."

यात सचोटी किती आणि अभिमान किती, हे मी ठरवू शकलेलो नाही. त्या बायांपैकी कोणाला काही झाले नाही; पण स्पिंडल काढला नसता तरी कदाचित काही झाले नसते. मान्यांच्या घरी मात्र बरेच महिने चूल जेमतेम पेटत होती. पुढे कुंभवलीजवळ त्यांनी दुरुस्तीचे दुकान टाकले, कारखाने आले, दिवस सुधारले. चोर हा शब्द मात्र काही लोकांच्या तोंडी राहिला. भेटलो की इकडचे तिकडचे झाल्यावर ते विचारत, "किती टिकलं असतं हो?" खोटे सांगता आले असते... पण त्यांनी ते ओळखले असते.

परवा मान्यांच्या घरी भेटायला गेलो. समोरच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"भावोजी, तिथं नका बसू. पंख्याखाली ते कोणाला बसू देत नव्हते."

मी वर पाहिले. पंखा नवाकोरा होता, फिरताना जराही डुगडुगत नव्हता.

"चांगला आहे की पंखा," मी म्हणालो.

"चांगलाच हाय," वहिनी म्हणाल्या, आणि कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मी उठलो आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली.