व्हॅलेंटाईन तुस्कानो आणि हमरियातलं विटांचं धुराडं

सदर इसम नामे व्हॅलेंटाईन तुस्कानो, वय अंदाजे पंचेचाळीस, मूळ राहणार गास, तालुका वसई, हल्ली मुक्काम हमरिया, मस्कत, हे इमारतींची देखभाल पाहणाऱ्या एका कंपनीत निरीक्षक या पदावर कार्यरत असून, कंपनीच्या ताब्यातील जुन्या निवासी इमारतींमधील विटांच्या धुराड्यांची वेळोवेळी तपासणी करणे, आढळलेले दोष दुरुस्त करून घेणे व त्यायोगे रहिवाशांच्या जीविताची काळजी वाहणे ही कामे त्यांजकडे सोपविण्यात आली आहेत. वर्ण सावळा. ओळखीची खूण : डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. सदर डागाचा धुराड्यांशी संबंध नाही; तो इस्त्रीचा आहे.

मस्कतमध्ये धुराडं असतंच कशाला, असं वसईला सुट्टीवर गेला की लोक त्याला विचारायचे. प्रश्न रास्त आहे. या देशात घरं गरम करावी लागत नाहीत, ती आपोआप होतात. पण हमरियातल्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर पहिल्यापासून बेकऱ्या आणि खानावळी, आणि त्यांच्या भट्ट्यांचा धूर गच्चीपर्यंत न्यायला त्या काळी कुणा ठेकेदाराने मागच्या भिंतीला चिकटून विटांची धुराडी चढवली. नव्या इमारतींत पत्र्याचे पाइप असतात. विटांची धुराडी आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांतलं काही कळणारी माणसं त्याहून थोडी. व्हॅलेंटाईन त्या माणसांत होता असं नव्हे. मुलाखतीत विटांच्या कामाचा अनुभव विचारला तेव्हा त्याने वसईत वीटभट्ट्या आहेत असं सांगितलं. हे खरं होतं. त्याला घेतलं.

काम तो हळूहळू शिकला. लाकडी हातोडीने वीट ठोकून बघायची. खणखणीत वाजली तर घट्ट, बद्द वाजली तर सैल. सांध्यातल्या चुन्याचा भुसा झाला असेल तर तो खरवडून दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, नव्याने भरायच्या. आणि वर्षातून एकदा धुराची परीक्षा. त्या दिवशी भट्टी बंद ठेवून खाली ओलं गोणपाट पेटवायचं, गच्चीवर धुराड्याच्या तोंडावर पत्रा टाकायचा, आणि कोंडलेला धूर कुणाच्या घरात शिरतो ते दारोदार हुंगत फिरायचं. हुंगण्याचा पगार मिळणारे मस्कतमध्ये दोघेच, एक हा आणि दुसरा विमानतळावरचा कुत्रा, असं स्टॅन्ली म्हणायचा. स्टॅन्ली हा त्याचा गाववाला, अल् खुवैरच्या ऑफिसात मॅनेजर. त्यानेच याला इथे चिकटवला होता, आणि ते तो विसरू द्यायचा नाही.

या नोकरीत एक मोठं सुख होतं. विटांच्या धुराड्यांच्या इमारतींपैकीच एकीत, तिसऱ्या मजल्यावर, कंपनीने व्हॅलेंटाईनला दोन खोल्या नावापुरत्या भाड्यात दिल्या होत्या. त्यामुळे बायको इरीन आणि मुलगी डायना त्याच्याजवळ राहू शकत होत्या. त्याच्या पगाराची बाकीची माणसं लोखंडी खाटेवर झोपतात आणि पोरांना मोबाइलमध्ये मोठी होताना बघतात. खोल्या गेल्या तर बायको-मुलगी गेल्या, हे घरात कुणी बोलत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं.

इमारतीतल्या इतरांचीही गत तीच, थोड्या फरकाने. जुनी जागा, जुनं भाडं, खाली दुकानं, मुलांच्या शाळेची बस कोपऱ्यावर. इमारत धोकादायक ठरली तर शहराबाहेर दूर माबेलाला जाऊन राहायचं, म्हणजे अर्धं आयुष्य गाडीत काढायचं, आणि त्यासाठी आधी गाडी घ्यायची. म्हणून धुराड्यात दोष निघू नये अशी तमाम रहिवाशांची मनापासून इच्छा होती, आणि इच्छेला ते हातभारही लावत. धुराच्या परीक्षेचा दिवस नोटीस लावून आधी कळवावा लागे. त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक घरात लोबान जळायचा. दुसऱ्या मजल्यावरची हवाबी, रत्नागिरीकडची, नवऱ्याचं कापडाचं दुकान, ती तर लोबानच्या जोडीला सुके बोंबील भाजायला घ्यायची. व्हॅलेंटाईन दारात उभा राहून नाक वर करायचा. हवाबी सांगायची, "हुंग बाबा, पोटभर हुंग. आनी मंग चा पिऊन जा." तो चहा प्यायचा. भिंतीला कपाट जिथे कधी नव्हतं तिथे या वर्षी कपाट का आलं, हे तो विचारत नसे. बाहेरून शिडी लावून जमतील तेवढ्या दर्जा भरून द्यायचा आणि ऑफिसला कळवायचा : किरकोळ.

स्वतःच्या घराची तपासणी त्याने कधी केली नाही असं म्हणता येणार नाही. तो रोज तिथे जेवत होता.

मग तळमजल्यावरची बेकरी गेली आणि तिथे मंदीची, म्हणजे अरबी मटण-भाताची, खानावळ आली. बेकरीची भट्टी पहाटे पेटायची आणि दुपारपर्यंत निवायची. मंदी मात्र जमिनीतल्या खोल भट्टीत निखाऱ्यांवर तासन्‌तास शिजतो, आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तर पहाटेपासूनच. धुराडं इतक्या तापाला बांधलेलं नव्हतं. व्हॅलेंटाईनने हे स्टॅन्लीला सांगितलं. खानावळवाला भाडं दुप्पट देतो, हे स्टॅन्लीने त्याला सांगितलं. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी माहितीची देवाणघेवाण झाली.

डायनाचं डोकं दुखायला लागलं ते त्याच हिवाळ्यात. शाळेत दुखायचं नाही. घरी दुखायचं, आणि शुक्रवारी सगळ्यात जास्त. मस्कतमधले कॅथलिक शुक्रवारी मिस्साला जातात, रविवारी कामावर. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही शुक्रवारीच. तेव्हा शुक्रवारी सकाळी उठणारं डोकं कसलं असतं हे कुठल्याही आईला सांगावं लागत नाही. इरीनने तिला दोन-तीनदा तशीच ओढत रूवीच्या चर्चमध्ये नेली. चर्चमध्ये डोकं थांबलं. इरीनचा संशय पक्का झाला. नंतर डोळे तपासले, चष्मा आला. चष्मा लावून डोकं दुखू लागलं.

"पप्पा, माझा डोका खूप जड हाय," असं तिने एका शुक्रवारी सकाळी सांगितलं. तिचं मराठी असंच होतं, शाळेत सगळा इंग्रजीचा कारभार. व्हॅलेंटाईनने तिला झोपून राहायला सांगितलं आणि खिडकी लावून घेतली, बाहेरचा उजेड त्रास देईल म्हणून. तासाभराने इरीन उठवायला गेली तर डायना उठेना. ओठांना फेस, अंग ढिलं. हवाबीच्या नवऱ्याने दुकानाच्या व्हॅनमधून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि विचारलं, घरात काही जळतं का? शेगडी, कोळसा, असलं काही? व्हॅलेंटाईन म्हणाला, घरात नाही. मग खालच्या भट्टीचं सांगितलं. निखाऱ्यांचा वायू असतो, डॉक्टरांनी समजावलं, त्याला रंग नसतो, वास नसतो, माणसाला नुसती झोप येते. सगळी इमारत ज्या वासावर लोबान जाळत होती तो वास निरुपद्रवी होता. घातक होतं त्याला वासच नव्हता.

मुलगी शुद्धीवर आली. वाचली. रात्री तिला तिथेच ठेवून घेतलं, इरीन थांबली, आणि व्हॅलेंटाईन हातोडी घेऊन स्वतःच्या घरी तपासणीला गेला. डायनाच्या पलंगाच्या उशाशी आल्तार होता. चौकटीतली येशूची तसबीर, खाली मेणबत्त्या, प्लास्टिकची फुलं. तो पूर्वी दाराशेजारी होता. इरीनने वर्षभरापूर्वी इकडे हलवला होता, मुलीला देवाची आठवण राहावी म्हणून, असं तेव्हा कळलं होतं. त्याने तो उचलून बाजूला ठेवला. मागे भिंतीत खालपासून छतापर्यंत भेग होती आणि ती पांढऱ्या कसल्याशाने भरलेली होती. त्याने नखाने खरवडलं. पुदिन्याचा वास आला.

भाड्याचं घर सोडताना खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवायची, म्हणजे मालक डिपॉझिट कापत नाही, ही विद्या मुंबई-वसईकडच्या प्रत्येक भाडेकरणीला येते. इरीनला येत होती. भट्टीच्या तापाने पेस्ट सुकून गळायची. ती पुन्हा भरायची.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने तिला विचारलं. ओरडला नाही.

"तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?" इरीन म्हणाली. "कळवलं असतंस. मग आम्ही कुठे गेलो असतो?"

"मी नसतं कळवलं," व्हॅलेंटाईन म्हणाला.

हे बहुधा खरं होतं, आणि त्याने दोघांनाही बरं वाटलं नाही.

त्या आठवड्यात त्याने ऑफिसात कळवलं : धुराडं धोकादायक, भट्टी ताबडतोब बंद करावी, धुराडं उतरवून नव्याने बांधावं. स्टॅन्लीने त्याला अल् खुवैरला बोलावून घेतलं, दार लावलं, कॉफी मागवली.

"व्हॅली, 'दुरुस्तीयोग्य' म्हण ना. धोकादायक कशाला? मुलगी ठीक आहे ना आता?"

"आहे."

"मग? अरे, अर्बाबकडे हे गेलं की खलास. तो भला माणूस आहे, एकदम घाबरेल. घाबरला की इमारत खाली करेल. तुझंच घर जाईल, वेड्या."

"भट्टी बंद करा. मग घर नाही जात."

स्टॅन्लीने त्याच्याकडे बघितलं, लहान मुलाने चंद्र मागावा तसं. "भट्टी भाडं देते," तो म्हणाला. "तू देतोस का?"

व्हॅलेंटाईनने शब्द बदलला नाही. आयुष्यात प्रथमच, आणि त्याला वाटलं होतं तितकं काही ते अवघड नव्हतं.

अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, खरोखरच भला माणूस होता. ऐकून त्याला धक्का बसला. लहान मुलं असलेल्या घरांना असा धोका एक दिवसही नको, असं त्याने बजावलं, डायनासाठी खजुराचा डबा पाठवला. पंधरवड्यात दारावर नोटीस लागली : इमारत कुटुंबांच्या वास्तव्यास अयोग्य. हवाबी माबेलाला गेली. जाताना तिने व्हॅलेंटाईनला जिन्यात गाठलं.

"तुजी पोर वाचली, अल्लाचा शुकर," ती म्हणाली. "पन आमचं घर तू खाल्लंस, भाई."

तिचं म्हणणं चूक होतं असं त्याला वाटलं नाही. तिच्या नवऱ्याची व्हॅन त्या शुक्रवारी नसती तर, हेही त्याला आठवत होतं. त्याने तिचं कपाट खाली उतरवायला मदत केली. कपाटामागे भेग होतीच.

इरीन आणि डायना जूनमध्ये वसईला गेल्या. मुलीचं नाव तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. डोकं दुखत नाही, असं ती मोबाइलवर सांगते.

धुराडं नव्याने बांधण्यासाठी तीन ठेकेदारांकडून दर मागवले. ते फार वाटले, विषय पुढे ढकलला. रिकामी इमारत मात्र परवडण्यासारखी नव्हती. नोटीस स्टॅन्लीने पुन्हा काळजीपूर्वक वाचली. तीत कुटुंबांविषयीच लिहिलं होतं. ज्यांची कुटुंबं इथे नाहीत अशांविषयी काहीच नव्हतं. तेव्हा एका बांधकाम कंपनीच्या मजुरांना इमारत खोली-खोलीने देण्यात आली, प्रत्येक खोलीत लोखंडी खाटा, खाली एक, वर एक. खानावळ चालू आहे, शुक्रवारी गर्दी असते.

ऑफिसात आता या इमारतीची नोंद अशी आहे : सर्व कुटुंबे सुखरूप स्थलांतरित, निरीक्षकांच्या दक्षतेमुळे जीवितहानी टळली, धोका संपुष्टात.

व्हॅलेंटाईन तिसऱ्या मजल्यावर राहतो, भिंतीकडच्या खालच्या खाटेवर.