वाटेतली खुर्ची

लोकांची घरं सजवून देणं हा माझा व्यवसाय. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी झुंबरं आणि गालिचे घेऊन फिरते. प्रत्यक्षात मी लोकांचा सोफा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलते. घरात आहे तेच सामान हलवायचं, निम्मं माळ्यावर टाकायचं, पडदा हातभर वर टांगायचा म्हणजे छत उंच वाटतं, खिडकीसमोर आरसा लावायचा म्हणजे उजेड वाढतो आणि डोळ्यांत खुपणारी ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यात दोन दिवे ठेवायचे. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला सजावटकार म्हणवून घेते. आमच्या इमारतीत मला 'हलवाहलवी' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण जिन्यात आवाज घुमतो.

माझा एकच नियम आहे आणि तो मी गिऱ्हाइकांना बोट वर करून सांगते. दारातून आत आलेला माणूस कशालाही न अडखळता खिडकीपर्यंत पोचला पाहिजे. वाट मोकळी तर मन मोकळं! हे वाक्य मला एकदा अंघोळ करताना सुचलं आणि तेव्हापासून मी एकाही गिऱ्हाइकाला त्यातून सोडलेलं नाही.

तर ज्या बाईला हे सगळं कळतं, तिच्या स्वतःच्या घरात बरोबर वाटेच्या मधोमध एक खुर्ची होती. आणि त्या खुर्चीत माझे सासरे बसलेले असत.

अप्पा बसचे कंडक्टर होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण अंगातून गेलेली नाही. चहाची वाट बघत ओट्यापाशी उभे राहिले तरी पाय फाकवून उभे राहतात, न जाणो स्वयंपाकघरानं एकदम वळण घेतलं तर! दारात कोणीही आलं की "या, या, पुढे सरका, आत जागा आहे" म्हणतात, मग आत जागा असो वा नसो. आणि त्यांची ती घंटी. बसमध्ये एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. घरात घंटी नाही, म्हणून अप्पा खुर्चीच्या लाकडी हातावर बोटाचं पेर आपटतात.

ती खुर्ची बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात असायची. न्हाणीघर तिथेच, झोपायच्या खोलीचं दारही तिथेच. म्हणजे आमच्या घरात कुठूनही कुठेही जायचं तर अप्पांच्या समोरून, पोट आत ओढून, अंग चोरून जावं लागे. आणि जाताना 'ठक' वाजलं की थांबायचं. मी भाजीची पिशवी घेऊन, नवरा टॉवेल गुंडाळून, आमची पोरगी एकाच पायात मोजा घालून, कोणीही असो. अप्पा काहीतरी विचारायचे. काल दुखत होता तो दात कसा आहे, वर्गातली ती भांडखोर मैत्रीण बोलायला लागली का, पडद्यावाल्यानं आजही फसवलं का. उत्तर पुरेसं मिळालं की 'ठक ठक'. चला. उत्तर अर्धवट असेल तर दुसरी ठक वाजायची नाही. माझ्या नडगीवर त्या खुर्चीच्या पायाचा डाग कायमचा बसला होता.

एकदा अप्पा थोड्या दिवसांसाठी ताईंकडे, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेकडे गेले. मला गिऱ्हाइकांना दाखवायला नमुन्याचं घर हवंच होतं. मी पदर खोचला.

सोफा भिंतीपासून सुटा केला. पुस्तकांचं कपाट आडवं होतं ते उभं लावलं. पडदे वर गेले, आरसा आला. अप्पांसाठी तर मी जीव ओतला. खिडकीपाशी मऊ गादीची खुर्ची, पाय टेकायला बुटकं स्टूल, मागे वाचायचा उंच दिवा, बाजूला रुंद पानांचं झाड. आणि ती जुनी, उजवा हात सैल झालेली लाकडी खुर्ची गच्चीच्या जिन्याखाली रवाना झाली. संध्याकाळी नवरा घरात शिरला तो थेट ओट्यापाशी जाऊन पोचला आणि तिथे बावचळून उभा राहिला. इतक्या लवकर पोचायची त्याला सवय नव्हती.

"आता पलंग तरी कालच्या जागी आहे ना?" त्यानं विचारलं.

अप्पा परत आले. सगळं फिरून बघितलं. "छान. उजेड भरपूर आलाय," म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मी एवढी फुगले की त्या दिवशी आलेल्या प्रत्येक फोनवर मी हेच सांगितलं.

त्यानंतर घरात शांतता पसरली. ही शांतता मला माझ्या कामाचं यश वाटली, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला धक्का बसायचा नाही. घर कसं चकाचक आणि सुरळीत! कोणी कोणाला धडकत नव्हतं. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसलेले, आम्ही त्यांच्या पाठीमागून सपासप ये-जा करत होतो. एका दिवशी आम्ही तिघांनीही वेगवेगळा पाव आणला. नवऱ्यानं दात काढून घेतला, हे तो एकाच बाजूनं चावताना दिसला तेव्हा मला कळलं. पोरीची शाळेच्या धावण्याच्या शर्यतीसाठी निवड झाली, ही बातमी मला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दिली. मी म्हटलं, काय करणार, सगळेच आपापल्या कामात.

माझंही एक दुखणं होतं. बँकेत काम करणाऱ्या एका बाईंचं घर मी घाम गाळून लावून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी, बाईंकडे मोजायची टेप विसरले असं अप्पांच्या पाठीला सांगून ती आणायला गेले, तर बाईंनी सगळं होतं तसं करून ठेवलेलं. सोफासुद्धा. बाई ओशाळल्या, मी त्याहून जास्त. घरी येताना हे कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. दार उघडलं, सरळ स्वयंपाकघरात पोचले आणि पाणी प्यायले. वाटेत कोणी थांबवलंच नाही.

मग एका सकाळी अप्पा म्हणाले, "मी म्हणतो, काही दिवस मुलीकडे राहीन. माळ्यावरची मोठी बॅग काढून दे."

काही दिवसांना मोठी बॅग लागत नाही, हे मलाही कळतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा नवरा दिवसभर कामावर आणि मी नुसती भिंती बघत फिरायची. तेव्हा या बोळातून जाताना पहिल्यांदा ठक वाजलं होतं. "थांब. करमत नाही ना?" असं अप्पांनी विचारलं होतं आणि मी तिथेच उभी राहून रडले होते. या घरात माझं पहिलं सूत जुळलं ते त्यांच्याशी. ते गेले तर पोरगी झोपली की मला या घरात नवऱ्याबरोबर एकटं राहावं लागणार होतं. नवरा चांगला आहे, पण त्याच्या तोंडून वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून बादली ओढायची.

शहाण्या माणसानं अशा वेळी सरळ विचारलं असतं, "अप्पा, का जाताय?" मी उशीचा अभ्रा बदलला. पिवळा त्यांना भडक वाटत असेल, म्हणून राखाडी घातला. मग झाड हलवलं. मग दिव्याचा बल्ब सौम्य केला. प्रत्येक वेळी अप्पा "छान आहे" म्हणायचे आणि बॅगेत आणखी एक सदरा जायचा.

"खिडकी आवडत नाही का, अप्पा?" शेवटी मी विचारलं.

"आवडते की. खिडकीची जागा! प्रवाशाला आणखी काय हवं?"

हे मी कौतुक समजून नवऱ्याला जाऊन सांगितलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि पाणी प्यायला उठून गेला.

रविवारी ताई त्यांना न्यायला येणार होत्या. शनिवारी खालून भंगारवाल्याची आरोळी आली. ती जुनी खुर्ची एकदाची काढून टाकावी म्हणून मी ती जिन्याखालून ओढत घरात आणली, तिच्यावरचं जाळं झटकलं आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला. खुर्ची बोळातच टेकवून मी धावले.

मी फोनवर बोलत असताना अप्पा न्हाणीघरातून बाहेर आले. खुर्ची बघितली. सैल हात जरा आत दाबला आणि बसले. खुर्ची इथे कशी, असं काही विचारलं नाही.

पाचच मिनिटांत पोरगी खेळून आली ती धाडकन खुर्चीवर आपटली. "आई गं! अप्पा, तुम्ही परत इथे?"

ठक.

पोरगी थांबली. सवयीनं थांबली.

"लंगडतेस का?" अप्पांनी विचारलं.

"बूट चावतोय."

"शर्यतीला हेच बूट घालणार?"

बस, एवढं पुरलं. बूट घट्ट झालेत, पण आईला सांगितलं तर ती बुटांचं कपाटच हलवायला घेईल. शर्यतीची भीती वाटते, रात्री पोटात कसंतरी होतं. ती मैत्रीण बोलत नाही, कारण तिची निवड झाली नाही. मी फोन कानाला लावून ऐकत होते, पलीकडचा माणूस काय म्हणत होता देव जाणे. मागून नवरा आला, त्याला पुढे जाता येईना.

ठक. "दुसऱ्या दातालाही हात लावू दिलास का त्या डॉक्टरला?"

आणि माझा नवरा, महिनाभर हं आणि हो यांवर चालणारा, सांगायला लागला. डॉक्टर दुसरा दातही काढू म्हणतोय, त्याला भीती वाटते, म्हणून तो तिकडे फिरकलेलाच नाही. पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही घाबरता?" एवढ्याशा बोळात तीन माणसं अडकली होती आणि तिघंही एकदम बोलत होती.

मी फोन ठेवला. मी घरातली अडचण काढून टाकली होती, आणि ती अडचण म्हणजे माझे सासरे होते. त्यांना झाड दिलं, दिवा दिला, स्टूल दिलं. फक्त समोरून कोणी जाणार नाही एवढी काळजी घेतली. मला माझीच इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात भंगारवाला खालून पुन्हा ओरडला. "काही नाही!" मी खिडकीतून एवढ्या जोरात खेकसले की बिचारा सायकलवरून उतरला.

पण बॅग दारापाशी तशीच होती. अप्पांचा स्वभाव मला माहीत आहे. एकदा सुटलेली गाडी ते मागे घेत नाहीत.

रविवारी ताई आल्या. ताईंचा वेग जबरदस्त आहे, घरात शिरतानाही त्या घाईत असतात. बोळात त्यांचा गुडघा खुर्चीवर असा आपटला की सैल हात निखळून खाली पडला.

"ही खुर्ची वाटेत कोणी ठेवली? लोकांच्या घरी जाऊन अक्कल शिकवतेस ना तू? उचल आधी!"

"नाही उचलणार, ताई."

"का?"

"ती तिथलीच आहे. मीच चुकून हलवली होती." आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, पुढचंही बोलून टाकलं. "आणि अप्पांनी जाऊ नये, असं मला वाटतं. हे मी आधीच बोलायला हवं होतं. मी उशा बदलत बसले."

अप्पांनी वाकून खाली पडलेला हात उचलला, जागेवर बसवला, हलवून बघितला.

ठक.

ताई आत निघाल्या होत्या त्या थबकल्या. त्यांचंही बालपण त्याच घंटीवर गेलेलं.

"गुडघा फार लागला?"

"लागला."

"हा आजचा, की आधीपासूनच दुखतोय?"

ताई आधी "काही नाही हो" म्हणाल्या. मग भिंतीला टेकल्या. मग गुडघा, जिने, त्यांच्याकडची बंद पडलेली लिफ्ट, ती दुरुस्त करायला तयार नसलेले शेजारी, सगळं बाहेर आलं. चहा तिथेच उभ्यानं झाला. जायच्या वेळी त्यांनी बॅग उचलली आणि म्हणाल्या, "चला, अप्पा."

अप्पा उठले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांनी पेर आपटलं. ठक ठक.

ताईंनी आधी बॅगेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. बॅग खाली ठेवली. "बरं. मग पुढच्या रविवारी मीच येते," म्हणाल्या आणि लंगडत जिना उतरल्या.

नवरा किंवा पोरगी पुढे होण्याआधीच मी ती बॅग पकडली. पुन्हा कोणाचं मन बदलायच्या आत ती माळ्यावर गेलेली बरी. जड होती. ती उराशी धरून मी बोळातून निघाले, पोट आत ओढलं, तरी नडगी खुर्चीच्या पायावर जुन्याच जागी आपटली.

ठक.

"थांब," अप्पा म्हणाले. "त्या बँकेतल्या बाईंकडून टेप आणायला गेलीस, त्या दिवशी परत येताना खिडकीतून दिसलीस, तोंड पडलं होतं. काय झालं होतं?"

मी बॅग तिथेच खाली ठेवली, तिच्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. मागे नवरा "अगं, वाट दे" म्हणत उभा होता.