पाठमोरा जावई

आमच्या बेटावर एखाद्याने नारळ चोरले तर लोक वर्षभरात विसरतात. पण समोरून येणाऱ्याला ‘बोंझूर’ न म्हणता कुणी पुढे गेला, तर ते त्याच्या नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागतं. रस्ता एकच, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा, आणि माणसं मोजकी. एकाच माणसाला दिवसातून चारदा भेटलात तरी चारदा म्हणायचं. माझी बायको फ्लोरेत या बाबतीत भलतीच कडक. एकदा तिने पाद्रीबाबांनाही हटकलं होतं. बिचारे प्रार्थना पुटपुटत चालले होते.

सिमियू मास्तरला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

सिमियू केनियाचा, तिथल्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातला, बुकुसू जमातीचा. आमची पोरं शिकायला म्हणून माहेला जातात, ती त्या मोठ्या बेटाच्या हवेला चटावतात आणि परत येत नाहीत. मग आमच्या शाळेला गणिताचा मास्तर बाहेरून आणावा लागतो. हा आला तेव्हा पंचविशीचा असेल. माझ्याच लाँचमधून आला, तोही सगळा रस्ता बादलीत तोंड घालून. धक्का दिसायला लागला तेव्हा त्याने डोकं वर काढून विचारलं, “कप्तान, समुद्र संपला का?”

“संपत नाही तो,” मी म्हटलं. “सवय कर.”

त्याला सवय झाली नाही. आमच्या मागच्या खोलीत तो भाड्याने राहायला लागला, आणि खोलीची समुद्राकडची खिडकी त्याने कायमची लावून घेतली. पोहायला शिक म्हटलं तर हसायचा. माहेहून मक्याच्या पिठाची पोती मागवायचा, घट्ट गोळा शिजवून हाताने तोडून खायचा आणि आमच्या गवती चहाला गवताचं पाणी म्हणायचा. रविवारी चर्च सुटलं की धक्क्याच्या टोकाला जायचा. फोनला रेंज तिथेच येते. तिथे उभा राहून आईशी इतक्या मोठ्याने बोलायचा की फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं. बोलणं झालं की बराच वेळ तसाच उभा राहायचा.

मला एकदा म्हणाला, “आमच्याकडे माणूस रागावला किंवा उदास झाला की चालत सुटतो. चालता चालता निवळतो. तुमच्या इथे मन निवळायच्या आधी जमीन संपते.”

भेटेल तो त्याला एकच विचारायचा, “मास्तर, परत कधी जाणार?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं. पण रोज कुणी तरी तुम्हाला परत कधी जाणार म्हणून विचारत असेल तर तुम्ही ट्रंक पूर्ण कशी उघडणार? त्याने ती कधी पूर्ण उघडलीच नाही. कपडे त्यातूनच काढायचा आणि त्यातच घड्या घालून ठेवायचा.

फ्लोरेतने मात्र त्याला असं कधी विचारलं नाही. आमचे दोन मुलगे गेले ते गेलेच, नाताळला फोन करतात. तिने या पोराला डोक्यावर घेतलं. तो तिला ‘ममा’ म्हणायचा. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहायचा, नारळ खवून द्यायचा, खवता खवता अर्धा खायचा. नारळाच्या रसातला ऑक्टोपस पहिल्यांदा वाढला तेव्हा ताटाकडे बघून म्हणाला, “ममा, हा अजून माझ्याकडे बघतोय.” फ्लोरेतला हसून हसून ठसका लागला. पुढे तोच ऑक्टोपस मागून घ्यायला लागला.

आमची धाकटी जिस्लेन धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसते. रविवारचा फोन संपला तरी मास्तर खिडकीपाशी का रेंगाळतो हे आधी बेटाला कळलं, मग आम्हाला. फ्लोरेत खूश झाली. “लग्न झालं की सरकार त्याला राहू देईल,” ती म्हणाली. “नार्सिस, एक तरी मूल माझ्या डोळ्यांसमोर राहील.” तिचं सगळं त्या एका वाक्यात आलं. माझंही.

एका शनिवारी सिमियू इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर माझ्याकडे आला आणि मुलीचा हात मागितला. मी दोर गुंडाळत होतो. म्हटलं, “घरी येऊन फ्लोरेतसमोर माग की.” तो एकदम गोरामोरा झाला. “ते आता नाही जमायचं, कप्तान,” म्हणाला. मला वाटलं, लाजतोय. मी हो म्हटलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

फ्लोरेतने त्या संध्याकाळी मोठा घाट घातला. ऑक्टोपस, तळलेला नीरफणस, टेबलावर तिच्या आईच्या वेळचं कापड. मास्तर आला नाही. जेवण झालंय असा निरोप जिस्लेनकडून पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरेत अंगण झाडत असताना त्याने दार उघडलं, तिला पाहिलं, दार लावून घेतलं आणि मागच्या खिडकीतून उडी मारून शाळेत गेला. इतकी वर्षं बंद असलेली ती खिडकी. त्याच आठवड्यात ट्रंक उचलून तो शाळेच्या सामानाच्या खोलीत राहायला गेला.

नंतर तर कहर झाला. रस्त्यात फ्लोरेत दिसली की तो वाट सोडून झाडीत शिरायचा, तिच्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभा राहायचा. ती जवळून जायची, थांबायची, मोठ्याने म्हणायची, “बोंझूर, मास्तर.” तो झाडाशी बोलल्यासारखा काही तरी पुटपुटायचा.

“मुलगी मिळाली, आता म्हातारीचं काय काम,” ती घरी येऊन म्हणायची. तिच्या डोळ्यांत पाणी असायचं. पाणी दिसू नये म्हणून ती भांडी आपटायची.

जिस्लेन म्हणायची, “आई, त्यांच्यात तसं असतं गं.”

“कसं असतं? काल ज्या हाताने खाल्लं तो हात आज विटाळला, असं असतं?”

मग धक्क्यावरची ती गोष्ट झाली. फ्लोरेत माहेहून बाजार करून लाँचमधून उतरली, दोन्ही हातांत पिशव्या. आमचा धक्का अरुंद, दोन माणसं एकमेकांना घासूनच जातात. सिमियू फोन करून टोकाकडून परत येत होता. दोघं समोरासमोर आले. पुढे सासू, मागे लाटा. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बुटांसकट पाण्यात उडी मारली.

भरतीचं पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. ज्याला समुद्र नुसता बघवत नाही तो माणूस खांबाला मिठी मारून, पाठ करून उभा. लाट आली की नाकातोंडात पाणी जायचं, तरी मान वळवली नाही. फ्लोरेत वरून बघत राहिली. ती पुढे गेल्यावर आम्ही त्याला आकड्याने वर ओढला. धक्का हसत होता. कुणी तरी ओरडलं, “फ्लोरेत, तुला बोंझूर करण्यापेक्षा मास्तरला बुडणं बरं वाटलं गं.”

मी त्याला बर्फाच्या शेडमागे नेलं आणि कॉलर धरली. “आता सांग. माझ्या बायकोने तुझं काय वाकडं केलंय?”

तो नखशिखांत भिजला होता. म्हणाला, “वाकडं? कप्तान, ती माझी सासू आहे. आमच्याकडे सासूसमोर तोंड घेऊन उभं राहत नाहीत. तिच्यासमोर खात नाहीत, ती आली की वाट सोडतात. यापेक्षा मोठा मान आमच्याकडे कुणालाच नाही. माझे काका येऊन तिच्या खांद्यावर नवं पांघरूण घालतील, मग थोडं सैल होतं.”

“हे आधी बोलायला काय झालं होतं?”

“यात सांगायचं काय असतं?” त्याला खरंच समजत नव्हतं. “तुम्ही चर्चमध्ये टोपी काढता, ती का काढली हे पाद्र्याला सांगता का?”

मी घरी जाऊन जमेल तसं सगळं फ्लोरेतला सांगितलं. तिने कांदा चिरायचं थांबवलंही नाही. “छान,” म्हणाली, “आता अपमानालाही देशाचं नाव मिळालं.” आणि त्याच दुपारी ती शाळेत गेली.

बाहेरच्या मास्तरचा करार वाढवायचा तर तो गावात कसा वागतो हे आमच्याकडे हेडबाई विचारून घेतात. आमच्या हेडबाई मोनीक म्हणजे फ्लोरेतची मावसबहीण. फ्लोरेतने तिला एवढंच सांगितलं, “ज्याला वडीलधाऱ्यांना बोंझूर म्हणता येत नाही तो मुलांना काय शिकवणार?” धक्क्यावरचा तमाशा मोनीकच्या कानांवर गेलाच होता. करार वाढला नाही. डिसेंबरमध्ये सिमियूने बेट सोडायचं ठरलं.

जिस्लेनने आदळआपट केली नाही. रात्रीच्या जेवणाला ताटं मांडता मांडता म्हणाली, “मग मीही जाते त्याच्याबरोबर. नोकरीशिवाय तो इथे राहणार कसा? लग्न तिकडेच करू.” फ्लोरेतने डाव भातात घातला आणि तसाच राहू दिला.  मास्तरला हुसकावताना मुलगीही त्याच लाँचमध्ये बसेल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आलं नव्हतं म्हणजे काय, मी तरी ते येऊ दिलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी फ्लोरेत तांदूळ घ्यायला धक्क्यावर आली. जिस्लेन फोनवर बोलत होती. सिमियू फ्लोरेतला पाहताच शेडमागे पळाला. जिस्लेनने फोन सरळ फ्लोरेतच्या हातात दिला. “त्याची आई आहे. तुझ्याशी बोलायचं म्हणते. नाही म्हणू नकोस.” आणि फोनचा आवाज मोठा केला. दोघींचं इंग्रजी तोडकंमोडकं, मध्ये मध्ये जिस्लेन जोडून देत होती.

पलीकडची बाई म्हणाली, “विहीणबाई, एक विचारते, खरं सांगा. समुद्रावरची माणसं मोकळीढाकळी असतात म्हणतात. माझा मुलगा तुमच्यासमोर येतो का?”

फ्लोरेतला शेवटी गाऱ्हाणं सांगायला योग्य माणूस सापडलं. “येत नाही. माझं तोंड बघत नाही. माझ्या टेबलावर बसत नाही. मला पाहून परवा समुद्रात उडी मारली त्याने.”

 पलीकडून रडण्याचा आवाज आला. फ्लोरेतने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, निदान आईला तरी लाज वाटली म्हणून.

“त्याला पोहता येत नाही हो,” बाई म्हणाली. “तरी उडी मारली?” मग नाक ओढून म्हणाली, “देवाची कृपा. मला घोर लागला होता. एकटा पोर, जवळ कुणी मोठं माणूस नाही, समोरून रोज जात-येत असेल, बोलत असेल तुमच्याशी, आमचं नाव घालवत असेल. येत असता ना समोर, तर मी तिथे येऊन त्याचे पाय मोडले असते. विहीणबाई, तुमचा मान ठेवला त्याने.”

 फ्लोरेतने फोन जिस्लेनला दिला आणि दोर बांधायच्या खुंटावर बसली. तांदूळ तिथेच राहिले. मग मला म्हणाली, “तू सांगितलं होतंस मला.”

“सांगितलं होतं.”

“पण तू काय, तू कुणाचीही बाजू घेतोस.”

ती तशीच उठून मोनीककडे गेली. मोनीकने हात वर केले. नव्या मास्तरचं नाव माहेहून ठरून आलं होतं. फ्लोरेत तिच्या दारात उभी राहून भांडली, रडली, मावशीची शपथ घातली. काही उपयोग नव्हता. वागणूक वाईट म्हणून जे एका दुपारी सांगितलं ते आता कुठल्याच दुपारी परत घेता येत नव्हतं.

त्यानंतर माझ्या बायकोला खोकला झाला. रस्त्याच्या वळणावर पोचली की ती मोठ्याने खोकायची. दोनदा, तीनदा. मग थांबायची आणि थोड्या वेळाने पुढे निघायची. शेजारीण म्हणाली, “छाती दाखव गं डॉक्टरला.” मला उशिरा उमगलं. ती त्याला वाट सोडायला वेळ देत होती. शाळेच्या पायरीवर रोज झाकलेला डबा ठेवायची आणि हाक न मारता निघून यायची. डबा धुऊन परत यायचा.

डिसेंबरात लाँच त्यांना न्यायला आली. मी तोवर निवृत्त झालो होतो, नव्या पोराच्या हातात सुकाणू होतं. अर्धं बेट धक्क्यावर. शाळेची मुलं रडत होती. गंमत अशी की त्या दिवशी कुणीही मास्तरला परत कधी जाणार म्हणून विचारलं नाही. फ्लोरेतने जिस्लेनला घट्ट धरलं, सोडेचना. मी सोडवलं. तेवढ्यात सिमियू ट्रंक खांद्यावर घेऊन धक्क्यावर आला. अरुंद धक्का, मध्ये फ्लोरेत. तो थबकला आणि पाण्याकडे पाहायला लागला.

फ्लोरेत खोकली. टोपी भुवयांपर्यंत ओढली, दोन पावलं कडेला सरकली आणि समुद्राकडे तोंड करून, मान खाली घालून उभी राहिली. तो तिच्या मागून गेला. जाताना गुडघ्यात किंचित वाकला. हे मी पाहिलं, तिने नाही.

“अजून राग गेला नाही का गं फ्लोरेत?” कुणी तरी मागून म्हणालं. “जाता जाता तरी बोंझूर म्हण त्याला.”

“गप्प बसा,” ती न वळता म्हणाली. “माझा जावई जातोय.”

लाँच सुटली. जिस्लेनने केबिनमध्ये तोंड लपवलं होतं. सिमियू मागच्या कठड्याला धरून आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि फ्लोरेत इकडे गावाकडे वळून, त्याच्याकडे पाठ करून. हात हलवायला मी एकटाच उरलो.