न वाकणारा पत्रा

'होणार नाही' हा शब्द माझ्या आतोबांना ऐकूच यायचा नाही. बाकी कान अगदी तल्लख. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' लिहिलेलं असलं की ते न हलवता घेत. रेडिओने पावसाचा इशारा दिला की छत्री मुद्दाम घरी ठेवत आणि ओलेचिंब होऊन येत, वर म्हणत, "कुठे पडला फारसा?" दिवसभर कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी नारपोलीच्या घराच्या मागच्या पडवीत ठोकाठोक, असा त्यांचा संसार.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालाच्या सुमारास आत्या जिन्यावरून पडली आणि तिच्या पाठीचा मणका दुखावला. डॉक्टरांनी पाठीला पट्टा सांगितला. मुंबईहून आणलेला कापडी पट्टा आठ दिवसांत ढिला पडला. आत्या अंथरुणाला खिळली. आतोबांनी ठरवलं, पट्टा घरी करायचा, ॲल्युमिनियमचा. मऊ पत्रा अंगाच्या भाराने वाकेल, म्हणून त्यांनी टेंपर दिलेला कडक पत्रा आणला. शेजारच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, मिस्त्री तो बघून हसला. "बाबूजी, ये माल मुड़ता नहीं, टूटता है."

"तो तोडेंगे," आतोबा म्हणाले. "कितना टूटता है, देखते हैं."

पुष्कळ तुटला. लोखंडी धारेवर धरून लाकडी हातोडा मारला, की टक्कन तडा. शेजारपाजारचे म्हणू लागले, बायको झोपलीय आणि हे पत्रे फोडतायत. आतोबा पुढचा पत्रा धारेवर धरत. मग एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की पत्र्याच्या अंगावर बारीक रेघा असतात. त्या रेघा आडव्या येतील असा पत्रा धरून, धारेवर नव्हे तर जाड पाइपावर, हळूहळू दाबत नेलं, आणि पत्रा आत्याच्या पाठीसारखा वळला. मिस्त्री हात लावून बघत राहिला. आतोबांनी त्याला चहासुद्धा ऐटीत पाजला.

महिन्याभराने आत्या खारबावला माहेरी, आमच्याकडे आली, स्टेशनपासून चालत, ताठ. मागून पिशवी घेतलेले आतोबा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असे बघत होते, जणू आता बोला. ओसरीवर तिला टेकवल्यावर मात्र हळूच वाकून त्यांनी विचारलं, "टोचत नाही ना गं?"

"छे हो."

आंघोळीआधी पट्टा सोडायला मी आत गेले. कमरेवर दोन्ही बाजूंना कातडी सोलवटून लाल झाली होती. मी बाहेर हाक मारणार, तोच आत्याने माझा हात घट्ट धरला.

"त्यांना सांगू नकोस. जिवाचं रान करून वाकवलाय गं त्यांनी."

मी जुन्या लुगड्याची घडी पट्ट्याच्या कडेवरून आत दुमडून शिवली. आतोबांना अखेरपर्यंत ते कळलं नाही. कळलंही असेल, बोलले मात्र नाहीत.