एका पोटात दोन पाहुणे

पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षं काढली की दागिने जमत नाहीत, किस्से जमतात. तेही असे, की जेवताना सांगायची सोय नाही! आमची लॅब डोंबिवलीत, ऐंशी-नव्वदच्या दरम्यानची. मालक डॉक्टर, म्हणजे आमचे सर. आणि मी टेक्निशियन, कांबळेबाई.

*

शौच तपासायला लोक काय वाट्टेल त्यात आणायचे. दहावीचा रिझल्ट लागला त्या दिवशी एक गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स काउंटरवर ठेवून गेले. सर खूश! "वा! मुलगा पास झाला वाटतं!" आणि लागले की दोरा सोडायला. मी ओरडले, "सर, थांबा! मुलाला जुलाब होतायत!"

*

सरांचा नियम एकच. एक पेशंट, एक जंतू. छापील फॉर्मवर 'जंतू' लिहायला ओळही एकच. एक सापडला की रिपोर्ट लिहायचा आणि स्लाइड फेकायची. मला काही ते पटायचं नाही. अहो, नळाची पाइपलाइन गटारातून गेलेली, आणि पोटात जंतू एकटाच येणार? तो काय रिझर्व्हेशन करून येतो?

*

वागळे इस्टेटमधला एक फोरमन. स्लाइडवर अमिबा होता, शिवाय जंताची अंडी. अंडी मी समासात लिहिली, सरांनी खोडली. "बाई, पेशंट घाबरतो!" पंधरा दिवसांनी फोरमन परत हजर, तीच अंडी घेऊन. सरांनी शांतपणे लिहिलं, 'नवीन लागण'. असा संताप आला म्हणून सांगू!

*

मग आली चार वर्षांची पोर. आजोबा खाडीवरचे कोळी, तिला खांद्यावर टाकून आलेले. स्लाइड सरांनी स्वतः पाहिली. जिआर्डिया, साध्या जुलाबांचा जंतू! रिपोर्ट गेला, औषध सुरू झालं. चार दिवसांनी आजोबा पुन्हा दारात. पोरीला ताप, शौचातून रक्त, मान टाकलेली. मला रडूच आलं.

"सर, जिआर्डियानं रक्त पडत नाही. कल्चर लावते, जंतू वाढवून बघू."

"एका पोटात दोन पाहुणे? काहीतरीच काय बाई!"

मी विचारत बसले नाही, प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी तपासली तर शिगेला, रक्ती हगवणीचा जंतू! सरांनी दोनदा पाहिली. मग पट्टी घेतली, फॉर्मवरच्या एका ओळीखाली स्वतःच्या हातानं दुसरी ओळ आखली आणि म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं!

*

पंधरा दिवसांनी आजोबा आले. पोर पुढे उड्या मारत, आणि त्यांच्या हातात पिशवी. पिशवीत दोन जिताडे, ताजे फडफडीत.

"ह्यो एक त्या जंतूचा, न् ह्यो दुसरा त्या दुसऱ्याचा!"

आमचे सर पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारे. मी दोन्ही मासे उचलायला गेले, तर सरांनी हात आडवा घातला.

"थांबा बाई. दुसरा तुमचा. पहिला जंतू मी शोधलाय!"

आणि खरंच घेऊन गेले घरी!