ताईच्या जागी बसताना

ताई काविळीने गेली तेव्हा तिच्या मोबाइलचं लॉक आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिरोड्यातल्या दुकानदाराने ते उघडून दिलं, पण आतलं सगळं पुसलं गेलं. मग उरले दोन फोटो. एक आधार कार्डावरचा, पुसट झालेला. दुसरा माझ्या लग्नातला, त्यात ती पंगतीत भात वाढायला वाकलेली आहे. ताईचं लग्न झालं नव्हतं. ती चोरखमाऱ्याजवळच्या आमच्या गावात आईजवळ राहायची, शिलाई करायची. आईला ती भिंतीवर हवी होती.

गोंदियाला बाजारामागे एक म्हातारे पेंटर बसतात. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यापासून गेलेल्या माणसांची चित्रं काढतात. आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही फोटो चष्म्याजवळ नेऊन पाहिले.

"इसमें तो चेहरा ही नहीं है," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "आप सगी बहन हो ना? आप बैठ जाओ. बाकी माताजी बता देंगी."

नको म्हणायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला कशालाच नको म्हणायचं सुचत नव्हतं.

"बस ना," आई म्हणाली. "तुमचं दोघींचं तोंड एकच. लाजून काऊन राहिली?"

तीन रविवार आम्ही गोंदियाला गेलो. आई गावाहून यायची, मी तिरोड्यात शिकवते, तिथे तिला गाठायचे. पिशवीत ताईची मोरपंखी साडी असायची. मागच्या खोलीत मी ती नेसायचे. ब्लाऊज दंडाला घट्ट व्हायचा. मी खुर्चीवर, आई बाजूच्या स्टुलावर. आई सांगायची आणि पेंटर काढायचे. रंग हिच्याहून सावळा. कपाळ थोडं मोठं. तीळ उजव्या गालावर.

मी समोरच्या कॅलेंडरकडे पाहत बसायचे. ताईची आठवण काढावी असं वाटायचं, पण डोक्यात शाळेतले तपासायचे राहिलेले पेपरच यायचे. ती गेली त्या दिवशी सगळे रडत होते आणि मी चहाचे कप मोजून भरत होते. बाया म्हणाल्या, मोठी धीराची आहे. तो धीर नव्हता. मला काही जाणवतच नव्हतं.

दुसऱ्या रविवारी पेंटरांनी विचारलं, "दीदी हँसती थीं तो दाँत दिखते थे?"

आई माझ्याकडे वळली. "तुले माहीत असन. तुम्ही दोघीच तर हसत राहात होत्या."

मला आठवलं नाही. मी ओठ ताणून पाहिले. पेंटर थोडा वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "रहने दो," आणि त्यांनी मिटलेले ओठ काढले.

तिसऱ्या रविवारी चित्र झालं. आई उठून समोर उभी राहिली, मीही. साडी ताईची, रंग ताईचा, कपाळ आईने सांगितलं तसं. डोळे माझे होते आणि त्यांत काहीच नव्हतं. पेंटरांनाही ते दिसलं असावं.

"आँखें बदल दूँ क्या, माताजी?"

"राहू द्या," आई म्हणाली. "शेवटी शेवटी अशीच पाहत होती."

मला हे ठाऊक नव्हतं. दवाखान्यात शेवटचे आठ दिवस आई एकटीच होती. शाळेत परीक्षा चालू होत्या. मी दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा ती झोपेत होती.

परतताना एसटीत चादरीत गुंडाळलेलं चित्र आम्ही दोघींच्या मांडीवर आडवं धरलं होतं. गोंदिया मागे पडल्यावर मी विचारलं, "दाराकडे पाहत होती का?"

"पहिले पाहे," आई म्हणाली. "मंग सोडलं तिनं."

तिने खिडकीची काच सरकवून बंद केली. 

चित्र आता समोरच्या खोलीत लावलं आहे. येणारे म्हणतात, हुबेहूब. मी गावी गेले की आई त्याच खोलीत ताटं घेते आणि आम्ही जेवतो.